उंची संपत आली असता : नागरी विमानवाहतूक महासंचालकांस खुले पत्र

मा. महासंचालक,
नागरी विमानवाहतूक महासंचालनालय,
नवी दिल्ली यांस,



आपल्या दप्तरी रोज जे टपाल येऊन पडते त्यात मोठ्या विमान कंपन्यांचे, नव्या विमानतळांचे आणि कोट्यवधी उतारूंच्या सोयीगैरसोयीचे प्रश्न असणार, आणि त्या गर्दीत इंजिनावाचून उडणाऱ्या, केबलने आकाशात ओढून सोडून दिलेल्या चिमुकल्या विमानाची कैफियत घेऊन कोणी उभे राहावे हे आपणांस काहीसे अप्रस्तुत वाटेल, याची मला जाणीव आहे. तथापि पुण्याच्या हडपसर येथील ग्लायडिंग केंद्र आपल्याच खात्याचे अपत्य असल्यामुळे, आणि या देशात विनाइंजिन उड्डाणाची जी काही परंपरा आहे ती मुख्यत्वेकरून सरकारी आश्रयाखालीच वाढलेली असल्यामुळे, हा अर्ज दुसऱ्या कोणाच्या दारी नेणे मला प्रशस्त वाटले नाही. आपल्या खात्याच्या तांत्रिक केंद्राने एके काळी अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर्ष अशी नक्षत्रांची नावे देत स्वदेशी ग्लायडर बांधले. 1961 साली उडालेल्या दोन आसनी रोहिणीत शेजारी शिक्षक बसवून कित्येक तरुणांनी आकाशाची बाराखडी गिरविली. ज्या कोणा अधिकाऱ्याला पंचांग हाताशी धरून विमानांचे बारसे करण्याची बुद्धी झाली, त्याच्या रसिकतेला मी आजही मनोमन नमस्कार करतो.

आता विषयाकडे येतो. ग्लायडरला इंजिन नसते हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याचा व्यावहारिक अर्थ, म्हणजे गेलेली उंची हुकमाने परत मिळत नाही हा, आकाशात एकट्याने गेल्यावाचून अंगात मुरत नाही. विंचच्या केबलने हजार-बाराशे फुटांवर नेऊन सोडलेले ग्लायडर त्या क्षणापासून हवेच्या हिशोबाने सतत खालीच येत असते. ज्या हवेतून ते उतरत आहे ती हवाच जर त्याच्या उतरण्याहून अधिक वेगाने वर चढत असेल, तरच काय ते वर जाते, आणि अशी चढती हवा, जिला आमचे छात्र थर्मल म्हणतात, ती कोठे सापडेल हे सांगणाऱ्या खुणा म्हणजे चढ-उताराचा वेग दाखविणाऱ्या व्हेरिओमीटरचा काटा, डोक्यावरचा ढग आणि पंख न हलविता घिरट्या घालणारी एखादी घार. कागदावरचा हिशोब मोठा आश्वासक असतो. एकास तीस या प्रमाणात तरंगणारे ग्लायडर तीनशे मीटर उंचीवरून स्थिर हवेत नऊ किलोमीटर जाईल. परंतु वाटेत सेकंदाला दोन मीटर या वेगाने खाली जाणारी हवा लागली, आणि चढत्या हवेच्या शेजारी उतरती हवा ही असावयाचीच, की तेच ग्लायडर ताशी नव्वद किलोमीटर वेगाने पळूनही पावणेदोन मिनिटांत, अडीच-पावणेतीन किलोमीटरांवर, जमिनीला टेकते. नऊ आणि पावणेतीन यांमधील या तफावतीत ग्लायडिंगमधील पुष्कळशा अपघातांचा उगम आहे.

या तफावतीवर उपाय म्हणून इंग्लंडातील क्लबांतून, आणि थोड्याफार फरकाने जगात सर्वत्र, एक शिरस्ता शिकविला जातो. पायाखालच्या जमिनीपासून दोन हजार फूट उंची राहिली की उतरण्याजोगा मुलूख हेरावा. दीड हजारावर त्या मुलखातील एक विवक्षित शेत मुक्रर करावे. हजारावर त्या शेताभोवतीची उतरण्याची फेरी सुरू करावी, आणि त्यानंतर व्हेरिओमीटरने कितीही लालूच दाखविली तरी वर जाण्याचा विचार मनातून काढून टाकावा. 1956 साली फ्रान्समधील सेंट-यान येथे जागतिक अजिंक्यपद मिळविणाऱ्या पॉल मॅकक्रेडीने, पुढे जितकी बलवान चढती हवा मिळण्याची अपेक्षा असेल तितक्या वेगाने मधले अंतर कापावे, असे जे गणित मांडले, त्याचीही दुसरी बाजू हीच आहे: उंची घटू लागली की अपेक्षाही घटविल्या पाहिजेत, वेग आवरला पाहिजे, आणि वर असताना ज्या दुबळ्या थर्मलकडे ढुंकूनही पाहिले नसते त्याच्याशीही तडजोड केली पाहिजे. ही तडजोड हजार फुटांच्या वरची. त्याच्या खाली थर्मल अरुंद आणि विस्कळीत असतो. त्याच्या गाभ्यात राहण्यासाठी वळण तीव्र घ्यावे लागते, आणि वळण तीव्र झाले की पंखांवरचा भार वाढतो. पंचेचाळीस अंशांच्या कलाला विमान कोसळण्याची वेगमर्यादा सुमारे एकपंचमांशाने वर सरकते, साठ अंशांना दोनपंचमांशांनी. त्यात वारा पाठीमागून असला तर खालची जमीन भरधाव मागे पळताना दिसते, वैमानिकाला आपला वेग पुरेसा, किंबहुना जास्तच, असल्याचा भास होतो, तो नकळत नाक वर उचलतो, वळण लवकर पुरे व्हावे म्हणून रडरवर पाय अधिक दाबतो, आणि एक पंख मोडून पडल्यागत खाली जातो. या गिरकीतून सावरण्याला जी काही शे फूट उंची लागते, तीच तेवढी त्याच्यापाशी उरलेली नसते.

हे सर्व पाठ्यपुस्तकात आहे, आणि आपल्या खात्यातील तज्ज्ञांना ते मजहून अधिक ठाऊक आहे. पाठ्यपुस्तकात जे नाही ते पुण्याच्या पूर्वेकडील रानात आहे, म्हणून त्यावर चार ओळी अधिक खर्च करतो. हडपसरच्या धावपट्टीवर आल्टीमीटरचा, म्हणजे उंचीमापकाचा, काटा शून्यावर लावून निघालेला छात्र दिवे घाट ओलांडून सासवडच्या पठारावर गेला की काटा तेच आकडे दाखवीत राहतो, आणि खालची जमीन मात्र शेकडो फूट वर उचलून आलेली असते; काट्यावरच्या हजार फुटांतले किती फूट खरे, याचा जाब त्याने डोळ्यांना विचारावयाचा असतो. लोणी-उरुळीकडे पाहिले तर कालव्याच्या पाण्यावर वाढलेला उभा ऊस वरून अंथरलेल्या हिरव्या सतरंजीसारखा मऊ दिसतो; त्या सतरंजीची जाडी पुरुषभर, कधी दोन पुरुष असते, आणि तिच्या शेंड्यांना जमीन समजून अलगद टेकलेले विमान तेथून पुढे टेकत नाही, आदळते. रब्बीची ज्वारी काढून नेल्यावर मागे राहिलेले रान उतरण्यास पुष्कळ बरे, परंतु त्यातली धसकटे चाकाला आणि पोटाला सोडीत नाहीत. नांगरून टाकलेल्या काळ्या रानात डोक्याएवढी ढेकळे असतात. टोमॅटोचे शेत वरून निरुपद्रवी वाटते, त्यातले बांबू आणि त्यांवर ओढलेल्या तारा शेवटच्या काही सेकंदांत डोळ्यांपुढे येतात. विजेच्या तारा तर वरून दिसतच नाहीत. खांब शोधावे, आणि दोन खांबांच्या मध्ये तार आहे असे डोळे मिटून गृहीत धरावे. कठडा नसलेली जुनी विहीर बांधाच्या कडेला एखाद्या बाभळीच्या आड बसलेली असते, आणि अलीकडे तिच्या जोडीला प्लास्टिक अंथरलेली शेततळी आली आहेत. राहता राहिली पश्चिम. तिकडे मगरपट्ट्यापासून पुढे शहराने एवढी दाटी केली आहे की उतरण्यास शेत शोधणे म्हणजे गच्चीवर गच्ची मोजणे होय.

अशा मुलखात नऊशे फुटांवर आलेल्या छात्राच्या मनात काय चालते, हे आपण क्षणभर पाहावे. त्याच्या उजव्या पंखाखाली एक चांगले पडीक रान आहे, वाऱ्याच्या दिशेने लांब, खांब नाही, विहीर नाही. तीन-साडेतीन किलोमीटरांवर धावपट्टी आहे. पडीक रानात उतरले तर फोन करावा लागेल, विमानाचे पंख काढून ट्रेलरवर घालण्यासाठी चार माणसांचा दिवस मोडेल, अर्ध्या गावाची पोरे पंखावर हात फिरवीत उभी राहतील, शेताचा धनी शेजारच्या वाफ्यातून माणसे धावली म्हणून भरपाई मागेल, पोलीस पाटील विचारपूस करील, आणि सायंकाळी शिक्षकांपुढे, उद्या कदाचित कार्यालयापुढे, येथपर्यंत उंची का गमावली याचा लेखी खुलासा द्यावा लागेल. धावपट्टी गाठली तर यांपैकी काहीही नाही. तो धावपट्टीकडे वळतो. बहुधा ती साधतेही, आणि ती साधली हेच पुढच्या खेपेला घातक ठरते. कारण त्या दिवशी तीनशे फुटांवर झाडांच्या शेंड्यांवरून जे घर गाठले त्याची नोंद कोठेही होत नाही, ते मित्रमंडळीत कौतुकाने सांगितले जाते, आणि ज्याने पडीक रानात शहाणपणाने विमान टेकवले त्याच्या नावाची तेवढी फाईल तयार होते. पुणेरी शब्दांत सांगावयाचे तर, हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागावे अशी आमच्या कागदांची रचना आहे. मी कोण्या एका कार्यालयाला दोष देत नाही. कागदाचा हा स्वभाव सर्व देशांत, सर्व खात्यांत सारखाच असतो.

याच्या उलट उदाहरण आपल्याच शिक्षणक्रमाच्या आत आहे. विंचने वर जात असताना केबल तुटणे ही ग्लायडिंगमधील अतिशय भयप्रद वाटणारी घटना, परंतु तिला शिकलेला छात्र सहसा गडबडत नाही. का, तर उड्डाणापूर्वीच, चाके जमिनीवर असताना, त्याने आजच्या वाऱ्याचा आणि पुढे उरलेल्या धावपट्टीचा हिशोब करून मोठ्याने बोलून दाखविलेले असते की अमुक उंचीच्या आत केबल गेली तर सरळ पुढे उतरेन, त्यावर गेली तर अमक्या बाजूस आखूड फेरी घेईन. आणि केबल गेल्याबरोबर त्याचा हात आधी नाक खाली घालतो, वेग भरून आला की मगच वळण किंवा एअरब्रेक यांचा विचार करतो. शिक्षक मुद्दाम मध्येच केबल सोडून ही परीक्षा घेतात. तुटलेल्या केबलबद्दल कोणी छात्राला जाब विचारीत नाही. निर्णय आधी झालेला आणि अब्रूचा प्रश्न बाजूला काढलेला, या दोनच गोष्टींनी मोठ्या भीतीचा साधा कवायती पाठ झाला. शेतात उतरण्याच्या बाबतीत या दोहोंपैकी एकही गोष्ट झालेली नाही, हे माझे गाऱ्हाणे आहे.

आपण म्हणाल, इंजिनवाल्या मोठ्या विमानांच्या जगात याचे महत्त्व किती. त्या जगातीलच दोन प्रकरणे पुढे ठेवतो. दोन्ही आपल्या परिचयाची आहेत. 23 जुलै 1983 रोजी माँट्रिऑलहून ऑटावामार्गे एडमंटनला जाणारे एअर कॅनडाचे बोइंग 767 एकेचाळीस हजार फुटांवर इंधनावाचून थंड पडले, कारण जमिनीवरच्या हिशोबात किलोग्रॅमच्या जागी पौंड धरले गेले होते आणि टाक्यांत हव्या त्याच्या निम्मेही इंधन नव्हते. कॅप्टन रॉबर्ट पिअरसन हा हौशी ग्लायडर वैमानिक होता. आधी विनिपेग गाठण्याचा विचार होता. उपवैमानिक मॉरिस क्विंटलने घटणारी उंची आणि कापलेले अंतर यांचा मेळ घालून पाहिला, विनिपेग आता आवाक्यात नाही असे त्याला दिसले, आणि त्याने गिमली येथील जुन्या हवाई तळाचे नाव काढले, जेथे तो पूर्वी सैन्यात असताना राहिला होता. मोठ्या शहराचा सुसज्ज विमानतळ सोडून मोडीत निघालेल्या धावपट्टीकडे वळणे हा त्या दिवसाचा खरा निर्णय. धावपट्टीवर त्या दिवशी मोटारींच्या शर्यतीची मंडळी जमलेली होती, आणि विमान जवळ आले तेव्हा उंची उलट जास्तच भरली, म्हणून पिअरसनने ग्लायडरला करतात तसे त्या अजस्र विमानाला तिरके करून उंची झाडली, ही सर्व पुढची शोभा. एकसष्ट उतारू आणि आठ कर्मचारी, सर्व जिवंत उतरले. नंतर कंपनीच्या अंतर्गत चौकशीने पिअरसनला सहा महिने खालच्या पदावर उतरविले आणि क्विंटलला दोन आठवडे निलंबित केले. आणि 1985 साली आंतरराष्ट्रीय हवाई महासंघाने याच दोघांना उत्कृष्ट वैमानिकतेचे प्रशस्तिपत्र दिले. शिक्षा इंधनाच्या हिशोबाबद्दल होती, उतरण्याबद्दल नव्हती, हे मी मानतो, आणि नेमका तोच भेद मला आपणांकडून हवा आहे: उंची कशी गेली हा एक प्रश्न, आणि उरलेल्या उंचीचे काय केले हा दुसरा, पहिल्याचा जाब विचारताना दुसऱ्याच्या पदरात त्याचे शिंतोडे पडू नयेत. नऊशे फुटांवरच्या छात्राला हे दोन प्रश्न वेगळे करता येत नाहीत. ते वेगळे करणे हे चौकशी करणाराचे कर्तव्य आहे.

दुसरे प्रकरण 15 जानेवारी 2009चे. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून निघालेल्या एअरबसची दोन्ही इंजिने सुमारे अठ्ठावीसशे फुटांवर रानहंसांचा थवा आदळून निकामी झाली; कॅप्टन सलेनबर्गरने लाग्वार्डियाला परतणे आणि शेजारचे टिटरबोरो गाठणे हे दोन्ही मार्ग नाकारून हडसन नदी निवडली, आणि साडेतीन मिनिटांच्या आत एकशे पंचावन्न माणसे पाण्यावर सुखरूप होती. पुढे अमेरिकी चौकशी मंडळाने सिम्युलेटरवर प्रयोग केले. पक्षी आदळताक्षणी परत वळणाऱ्या वैमानिकांपैकी काहींना लाग्वार्डिया गाठता आले. परंतु काय झाले हे समजण्यास आणि मन घट्ट करण्यास माणसाला जो वेळ लागतो त्याबद्दल पस्तीस सेकंद धरून प्रयोग केला तेव्हा विमान धावपट्टीपर्यंत पोहोचले नाही. मंडळाने ते पस्तीस सेकंद माणसाच्या पदरात घातले आणि नदीचा निर्णय योग्य ठरविला. कोणत्याही चौकशीची प्रतिष्ठा मी या पस्तीस सेकंदांवरून मोजतो. खुर्चीत बसून, पाण्याचा पेला हाताशी ठेवून, नकाशावर पट्टी लावली की नऊ किलोमीटर नेहमीच निघतात.

अपघाताच्या तपासाचा हेतू पुनरावृत्ती टाळणे हा आहे, दोष वाटणे नव्हे, असे आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टात स्वच्छ लिहिलेले आहे, आणि आपले राष्ट्र त्याला बांधील आहे. 1934 च्या जुन्या विमान अधिनियमाची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, 2024 ने घेतली आहे. नवा कायदा आला की नियमांची घडी नव्याने बसविण्याची संधी येते, आणि एरवी क्षुल्लक वाटणारी बाब अशाच वेळी दप्तरात शिरू शकते. म्हणून ही तजवीज मांडतो. ग्लायडर शेतात उतरले, माणसाला इजा झाली नाही आणि विमान अभंग राहिले, तर ती उड्डाणाची एक रीतसर अखेर समजावी. नोंदवहीत तिची नोंद व्हावी, लेखी खुलासा मागू नये. उंची का गेली याची चर्चा शिक्षकाने छात्राशी त्याच सायंकाळी तोंडी करावी, आणि ती परवान्याच्या कागदांपर्यंत जाऊ नये. पिकाच्या नुकसानीसाठी केंद्राच्या हाती एक छोटी रक्कम असावी आणि ती तलाठ्याच्या पंचनाम्याची वाट न पाहता शेतकऱ्याच्या हाती जागच्या जागी पडावी. आपल्या बांधावर आभाळातून आलेल्या पोराला आमच्याकडचा शेतकरी प्रथम पाणीच विचारतो, भांडण पुढे कागदाच्या विलंबातून निघते. आणि एकट्याने दूर उडण्याची परवानगी देण्यापूर्वी प्रत्येक छात्राला वर्षातून दोनदा, एकदा दिवाळीच्या सुमारास आणि एकदा ज्वारीची काढणी झाल्यावर, उरुळी आणि सासवडच्या रानांतून पायी फिरवावे; उसाची उंची त्याने हाताने मोजावी, ढेकळावर पाय देऊन पाहावा, आणि जी शेते पायाला पसंत पडली ती दुसऱ्या दिवशी शिक्षकासह वरून ओळखून दाखवावीत. याला खर्च एका जीपचा आणि दोन भाकरींचा.

ग्लायडिंगमध्ये पराक्रमी माणसांचा तुटवडा कधीच नव्हता. लिलिएन्थालपासून, जो 1896 साली जर्मनीतील एका टेकडीवरून उडताना कोसळून गेला, ही विद्या पराक्रमी माणसांनीच वाढविली. हजार फुटांवर पराक्रम बाजूला ठेवून पडीक रानाकडे वळणारा छात्र मात्र दुर्मीळ राहिला आहे, आणि तो दुर्मीळ राहण्यात आमच्या कागदांचा हात आहे.

आगामी उन्हाळ्यात थर्मलचा हंगाम सुरू होईल, विंच लागेल, नवे छात्र येतील. त्यापूर्वी, अभंग विमानानिशी शेतात उतरलेल्या वैमानिकाकडे खुलासा मागू नये, एवढा एक ओळीचा हुकूम आपल्या सहीने निघावा, अशी विनंती आहे. बाकीच्या तजविजी सवडीने विचारात घेतल्या तरी चालतील.



आपला विश्वासू,
हडपसरचा एक जुना छात्र